ऑप्शनल

परवा रात्री भाचीचा फोन आला. ती नुकतीच एका कारखान्यात परचेसला लागली आहे. म्हणाली, "मामा, एक कोटेशन पाठवलंय व्हॉट्सअॅपवर, बघ ना जरा. बारा इंडिकेटर घ्यायचेत. साहेब म्हणतात, ऑप्शनलमधलं जेवढं निघेल तेवढं काढ. काय काय काढू?"

चष्मा शोधला, फोटो मोठा करून पाहिला. छान टाइप केलेलं कोटेशन. वर मूळ इंडिकेटर, ९६ बाय ९६ मिलिमीटरचा, लाल आकड्यांचा. खाली 'ऑप्शनल अॅक्सेसरीज' या मथळ्याखाली यादी : अलार्म रिले एक, अलार्म रिले दोन, ट्रान्समीटरसाठी २४ व्होल्टचा सप्लाय, ४ ते २० मिलिअँपिअरचं आउटपुट, कॉम्प्युटरला जोडायचं पोर्ट, टर्मिनल कव्हर, पुढून लावायचं पारदर्शक झाकण. ज्याच्या त्याच्यापुढे रुपये.

आयुष्याची चौतीस वर्षं मी असल्याच याद्यांत घालवली. तिला म्हटलं, "उद्या सांगतो." आणि मग झोप येईना. घरच्या मंडळींना माझा धंदा नेमका काय होता हे कधी नीट कळलंच नाही ("तो काहीतरी मीटरचं करतो"), तर आज तेच सांगतो. ब्लॉगवरच्या मित्रांनी कंटाळा आला तर सरळ पुढच्या पानावर जावं, राग नाही :)

पॅनेलवरचा इंडिकेटर म्हणजे कारखान्याच्या लोखंडी कपाटाला चौकोनी भोक पाडून बसवलेलं घड्याळासारखं यंत्र. वेळ सोडून बाकी सगळं दाखवतो : तापमान, दाब, टाकीतली पातळी. आधी काट्याचे मीटर होते. एडवर्ड वेस्टन नावाच्या माणसाने १८८८ च्या सुमाराला चांगले, टिकाऊ मीटर बनवायला सुरुवात केली, आणि पुढची सत्तर-ऐंशी वर्षं जगभरच्या पॅनेलांवर तोच काटा हलत राहिला. १९५२ मध्ये कॅलिफोर्नियात अँड्र्यू के याने आकडे दाखवणारा व्होल्टमीटर काढला. पुढे काचेच्या नळीत चमकणारे नारिंगी आकडे आले, मग लाल एलईडी. पण काटा काय किंवा आकडा काय, दोघांची अडचण एकच. तो बघायला माणूस लागतो, आणि माणूस चहाला जातो.

म्हणून अलार्म. ठरवलेल्या आकड्याच्या वर मोजमाप गेलं की आतला एक छोटा रिले 'टक्' करतो, आणि त्याच्या काँटॅक्टवर जोडलेला हूटर वाजतो. बस्स, एवढंच. त्या 'टक्'चे पैसे वेगळे पडतात, कारण सगळ्यांनाच तो लागत नाही. म्हणून तो 'ऑप्शनल'.

आता खरी गोम. रिले दोन तऱ्हांनी वापरता येतो. एक म्हणजे एरवी तो झोपलेला, संकट आलं की त्याला वीज मिळते, तो उठतो आणि हूटर वाजवतो. दुसरी उलटी तऱ्हा : एरवी त्याला वीज देऊन जागं ठेवलेलं, आणि संकट आलं की वीज काढून घ्यायची. तो पडतो, पडता पडता हूटरचा काँटॅक्ट जोडून जातो. ऐकायला दोन्ही सारखंच वाटतं. पण वायर तुटली, फ्यूज उडाला, इंडिकेटरच मेला तर? पहिल्या तऱ्हेत शांतता. दुसऱ्या तऱ्हेत हूटर बोंबलतो.

आमच्या लहानपणी वाड्यावरून रात्री गुरखा काठी आपटत जायचा. आजी म्हणायची, काठी ऐकू येते तोवर झोपा, थांबली की बघा उठून. दुसरी तऱ्हा म्हणजे तो गुरखा.

हे शहाणपण इंडिकेटरवाल्यांचं नाही, रेल्वेचं आहे. अमेरिकेतला विल्यम रॉबिन्सन. त्याने १८७० च्या सुमाराला पेनसिल्व्हेनियातल्या किन्झुआ इथे आपोआप चालणारा सिग्नल बसवला. गाडी आली की सर्किट जोडलं जाणार आणि सिग्नल 'धोका' दाखवणार. चाललाही. पण त्याच्या लक्षात आलं की बॅटरी संपली किंवा तार तुटली तर गाडी रुळावर उभी असूनही सिग्नल 'लाइन मोकळी' असंच सांगत राहील. म्हणजे यंत्र मेलं की खोटं बोलणार, आणि तेही गोड खोटं. मग त्याने सगळं उलटं केलं. रुळांमधूनच बॅटरीची वीज सतत सोडायची आणि दुसऱ्या टोकाच्या रिलेला जागं ठेवायचं. गाडीची चाकं दोन्ही रूळ जोडतात, वीज वाटेतच परतते, रिले पडतो आणि सिग्नल लाल. बॅटरी संपली तरी लाल, तार तुटली तरी लाल, बऱ्याचदा रूळ तुटला तरी लाल. १८७२ मध्ये त्याला पेटंट मिळालं. अजूनही जगातल्या कितीतरी रेल्वेमार्गांवर, आपल्याकडेही, हीच कल्पना राबते.

भाचीच्या यादीतला 'चार ते वीस' हा आकडाही याच घराण्यातला. शून्य ते वीस का नाही, हे मला नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं आणि मी भोपळा दिला होता. टाकी रिकामी असली तरी वायरीतून चार मिलिअँपिअर वाहतातच. म्हणजे चार आले तर टाकी रिकामी, आणि शून्य आले तर वायर तुटली. त्याआधी हवेच्या नळ्यांवर काम चालायचं तेव्हा ते ३ ते १५ पीएसआय असायचं, तिथेही शून्य टाळलेलं. न बोलणारा आणि 'काही नाही' असं बोलणारा, हे दोघे वेगळे ओळखू आले पाहिजेत.

हे सगळं मला पाठ होतं. परीक्षेत लिहिलंही होतं. आणि तरी...

सांगतो. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. पुण्याजवळचा एक कारखाना, नाव महत्त्वाचं नाही. हीट ट्रीटमेंटचं खातं. लालभडक तापवलेले गिअर तेलाच्या टाकीत बुडवायचे. तेल गरम होतं, म्हणून ते एका पंपाने कूलरमधून फिरवायचं. तेलाच्या तापमानाला एक इंडिकेटर, त्याला एक अलार्म रिले, रिलेवर हूटर. कोटेशनमध्ये पंपासाठी दुसरा स्वतंत्र रिले होता, तो मी 'आवश्यकता नाही' असं लिहून काढून टाकला. पैसे वाचवल्याबद्दल साहेबांनी पाठ थोपटली. राहिलेला एकुलता रिले वायरमनने विचारलं तसा मी पहिल्या तऱ्हेने जोडायला सांगितला. कारण काय? दुसऱ्या तऱ्हेत रोज सकाळी पॅनेल चालू करताना क्षणभर हूटर वाजायचा आणि खात्यातले लोक वैतागायचे. एवढंच कारण. ड्रॉइंगवर सही माझी.

इंडिकेटरचा सप्लाय आणि पंपाच्या काँटॅक्टरची कॉइल एकाच फ्यूजवर होती. एका रात्रपाळीला तो फ्यूज उडाला. पंप बंद पडला, इंडिकेटर काळा झाला. हूटरला स्वतंत्र सप्लाय होता, तो वाजायला तयार बसला होता, पण त्याला सांगणारं कोणी नव्हतं. भट्टीच्या आवाजात पंप थांबलेला कोणाला कळणार? दोन-तीन लॉट बुडवले गेले, तेल तापत गेलं, आणि पुढच्या लॉटला टाकीवर भडका उडाला. हुकवर उभ्या असलेल्या मदतनिसाचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले. आम्ही सगळे त्यांना मामा म्हणायचो. पन्नाशीचे होते. तीन महिन्यांनी कामावर आले, डाव्या हाताची बोटं पूर्ण मिटत नव्हती. मला भेटल्यावर म्हणाले, "साहेब, तुमचा मीटर त्या दिवशी झोपला होता बघा." रागाने नाही, नुसतंच.

चौकशीत 'फ्यूज निकामी' असं लिहिलं गेलं. ते खोटं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी स्वतः स्क्रू ड्रायव्हर घेऊन दोन वायरी काढून शेजारच्या टर्मिनलला लावल्या, रिलेची सेटिंग उलटी केली. वीस मिनिटांचं काम होतं. घरी हे कोणाला सांगितलं नव्हतं. सौ. आज इथेच वाचणार.

असो.

तेव्हापासून अलार्म फसल्याच्या कहाण्या मी जमवतो, कोणी तिकिटं जमवतं तसं. भोपाळबद्दल मी लिहिणार नाही, तो विषय परिच्छेदात बसवण्याइतका लहान नाही. थ्री माइल आयलंड, २८ मार्च १९७९ : पहिल्या काही मिनिटांतच शंभरहून जास्त अलार्म, आणि नोंदी छापणारा प्रिंटर दोन तासांहून अधिक मागे पडलेला. पण मला जास्त टोचतो तो तिथला एक दिवा. एक झडप उघडीच अडकली होती, आणि तिचा दिवा मात्र विझलेला. कारण तो दिवा झडप कशी आहे हे दाखवत नव्हता, झडपेला हुकूम काय दिला आहे ते दाखवत होता. झडपेची खरी स्थिती सांगणारी सोय बसवलेलीच नव्हती. (कोणाच्या तरी यादीत ती ऑप्शनल असेल, असं मला आपलं उगीचच वाटतं.)

उलट टोक वेल्समधल्या मिलफर्ड हेवनच्या रिफायनरीचं. २४ जुलै १९९४. स्फोटाआधीच्या शेवटच्या पावणेअकरा मिनिटांत दोन ऑपरेटरांसमोर २७५ अलार्म आले. दर अडीच सेकंदाला एक. त्यातला कामाचा कुठला? आपल्याकडे हूटरच्या तोंडात कापडाचा बोळा कोंबलेला मी किमान पाच कारखान्यांत पाहिला आहे. बोळा कोंबणाऱ्याला शिव्या देणं सोपं आहे. संगणक आल्यावर अलार्म फुकट झाला, तेव्हा जो तो प्रत्येक गोष्टीला अलार्म लावत सुटला, त्याचं हे फळ. पैसे पडत होते तेव्हा निदान विचार तरी व्हायचा. १९९९ मध्ये ब्रिटनमध्ये अलार्म कसे आणि किती असावेत याची एक मार्गदर्शक पुस्तिका निघाली, ईईएमयूए १९१, त्यामागे हा अपघातही होता.

पण माझ्या संग्रहातलं सगळ्यात मोलाचं तिकीट बन्सफील्डचं.

लंडनच्या उत्तरेला हेमेल हेम्पस्टेड गावाजवळ पेट्रोलच्या टाक्यांचा मोठा डेपो होता. शनिवार, १० डिसेंबर २००५ च्या संध्याकाळी ९१२ नंबरच्या टाकीत पाइपलाइनने पेट्रोल भरायला सुरुवात झाली. पहाटे तीनच्या सुमाराला पातळी दाखवणारा गेज अडकला. पेट्रोल चढतंय आणि आकडा तिथेच. त्या गेजला एक नाही, तीन अलार्म होते, एकावर एक. पण तिन्ही त्याच गेजकडून ऐकणारे! गेज अडकला की तिघेही मुके. एकाच माणसाला तीनदा विचारून तीन साक्षी झाल्या असं समजण्यातला प्रकार. आणि तो गेज ऑगस्टअखेरपासून चौदा वेळा असाच अडकला होता.

शेवटचा आधार म्हणजे टाकीच्या माथ्यावरचा एक स्वतंत्र स्विच. गेजशी त्याचा काही संबंध नाही. पेट्रोल तिथवर पोचलं की अलार्म द्यायचा आणि येणारा प्रवाह बंद करायचा. या स्विचला चाचणीसाठी एक छोटा दांडा होता. चाचणी झाली की दांडा मधल्या जागी आणून त्याला कुलूप घालायचं. साधं कुलूप. कुलूप नसेल तर दांडा मधल्या जागेवरून खाली सरकू शकायचा, आणि मग स्विच पातळी वाढल्याचं ओळखूच शकत नसे. बसवणाऱ्यांना वाटलं, कुलूप चोरापासून, कोणी चाळा करू नये म्हणून आहे. त्याच्यावाचून अडत नाही. त्यांनी ते लावलं नाही.

पाच सदतीसच्या आसपास टाकी वाहू लागली. अडीच लाख लिटरहून जास्त पेट्रोल माथ्यावरून खाली कोसळलं, गारठलेल्या वाऱ्याविना हवेत त्याचं पांढरं धुकं जमिनीलगत पसरलं, आणि सहा वाजून एक मिनिटाने स्फोट. वीसहून जास्त टाक्या पेटल्या. आग पाच दिवस चालली. त्रेचाळीस माणसं जखमी झाली, मेलं कोणी नाही, कारण रविवार होता आणि आसपासची ऑफिसं रिकामी होती. २०१० मध्ये पाच कंपन्यांना दंड आणि खर्च मिळून जवळजवळ ९५ लाख पौंड भरावे लागले. त्यात स्विच बनवणारी कंपनीही होती. कुलूप कशासाठी आहे हे तिने पुढच्यांना नीट सांगितलं नव्हतं.

चौकशी अहवालातला तो कुलपाचा भाग पहिल्यांदा वाचला तेव्हा ऑफिसात दुपारची वेळ होती. डबा तसाच राहिला. माझ्या डोळ्यांपुढे 'आवश्यकता नाही' हे माझंच अक्षर होतं.

तर काल सकाळी भाचीला फोन केला. आधी तिला विचारलं, हे बारा इंडिकेटर कुठे बसणार आहेत? तिला माहीत नव्हतं. म्हटलं, आधी खाली जाऊन बघून ये, मग बोलू. तासाभराने आली. आठ नुसते पाण्याच्या लाइनवर, माहितीपुरते. त्यांचे रिले काढ म्हटलं, निर्धास्त काढ. उरलेले चार एका रिअॅक्टरवर. त्यांचे दोन्ही रिले ठेव, आणि ऑर्डरमध्ये एक ओळ वाढव : रिले नेहमी जागा असावा, अलार्मला पडावा, सेन्सरची वायर तुटली तरी पडावा. ही सोय बहुतेक इंडिकेटरांत असतेच, नुसती सेटिंग करावी लागते, पैसेही पडत नाहीत. आणि हूटरचा सप्लाय वेगळ्या फ्यूजवर आहे का, ते वायरमनला विचार. त्याला चहा पाज आणि विचार.

"आणि मामा, ते पारदर्शक झाकण?"

"धूळ आहे का तिथे?"

"खूप आहे."

"मग असू दे."

"साहेब विचारतील, एवढं कमी का काढलंस."

म्हटलं, त्यांना माझा नंबर दे.