कायम की बदली?

लालबाग-परळमध्ये पोरीसाठी स्थळ बघायला निघालेला बाप पत्रिकेआधी एक गोष्ट विचारून घ्यायचा : मुलगा गिरणीत कायम आहे की बदली? कायम असला तर त्याच्यामागे महागाई भत्ता, प्रॉव्हिडंट फंड, ग्रॅच्युइटी आणि अडीअडचणीला पतपेढीचं कर्ज असे. बदलीवाला सकाळी खात्याच्या तोंडाशी उभा राहायचा. कुणी खाडा केला तर त्याला काम, नाहीतर आल्या पावली परत. आमचे अण्णा साचाखात्यात बरीच वर्षं बदली होते. कायमची ऑर्डर हातात पडली त्याच उन्हाळ्यात पाटण तालुक्यातल्या आमच्या गावी त्यांचा बार उडाला.

गिरणगावातली लग्नं पगाराच्या मापानं बेतलेली असत आणि हे पहिल्यापासूनचं आहे. 1856 साली ताडदेवला पहिली गिरणी सुरू झाली. पुढे गिरण्या वाढल्या, पण पगार एका माणसाचं पोट भरून गावाला चार पैसे धाडण्याइतकाच राहिला. बिऱ्हाड थाटण्याइतका नाही. म्हणून संसार दोन जागी. नवरा गाववाल्यांच्या गाळ्यात, बायको सासू-सासऱ्यांपाशी शेतात. गाळ्यात पाळीप्रमाणे झोपायचं, रातपाळीचा उठला की त्याच पथारीवर दुसरा आडवा. बायकोची गाठ जत्रेला, शिमग्याला किंवा मे महिन्यात. बाकी वर्षभर मनिऑर्डरीच्या कागदावर मावेल तेवढाच संवाद.

बायका गिरणीत नव्हत्या असं मात्र नाही. 1920च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत पाच कामगारांमागे साधारण एक बाई होती, बहुतेक वाइंडिंग-रीलिंगला. 1929 साली मुंबई प्रांतात बाळंतपणाच्या रजेचा कायदा झाला, पुढे यंत्रं बदलली, आणि मालकांनी बाया कमी करत आणल्या. माझ्या लहानपणी गिरणीच्या दारातून सुटणाऱ्या लोंढ्यात लुगडी क्वचितच दिसत. कमावता तो बाप्या, हे आम्हाला सनातन वाटायचं. खरं तर ते तीस-चाळीस वर्षांत घडवलेलं होतं.

बायकांच्या हाती उरली खाणावळ. आमच्या आईकडेही गावचे काही जण जेवायला होते. चाळीतली एक खोली, दोन स्टोव्ह आणि खिळ्याला लटकवलेली वही. जेवणाचे पैसे पगार झाल्यावर, त्यामुळे महिनाभर वाणी तिला उधार देणार आणि ती जेवणाऱ्यांना. सावकाराच्या व्याजातून अशा बायकांना सोडवण्यासाठी प्रेमा पुरव यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि बँकेची दारं त्यांना उघडून दिली.

18 जानेवारी 1982ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. पगारवाढ तर हवीच होती. शिवाय बदलीवाल्यांना कायम करा आणि एकाच युनियनला मान्यता देणारा 1946चा कायदा बदला, या मागण्या होत्या. जुन्या लोकांना 1928चा संप ठाऊक होता, एप्रिल ते ऑक्टोबर चाललेला. तेव्हा माणसं गावी जाऊन शेतावर तगली होती. या खेपेलाही गाळे रिकामे झाले, एस.टी.च्या टपावर वळकट्या चढल्या. पण मधल्या काळात वाटण्या होऊन शेताचे तुकडे झाले होते, आणि त्या तुकड्यांवर मुंबईच्या पैशाशिवाय घर चालत नव्हतं.

आईची वही तिथेच थांबली. जेवणारे गावी गेले, बाकी त्यांच्याबरोबर गेली, वाण्याचं देणं मात्र आमच्या दारात राहिलं. आधी पितळी हंडा गेला, मग तिच्या पाटल्या. मग ती दादरला दोन घरी पोळ्या करायला जाऊ लागली. अण्णा घरी. नळाला पाणी आलं की हंड्यांच्या रांगेत बायकांत उभं राहायचं त्यांच्या जिवावर यायचं, तरी ते उभे राहात. दुपारी मेथी निवडायला बसले की आधी दाराला कडी घालत. गॅलरीतून जाणाऱ्याला दिसू नये म्हणून. त्या कडीचा चाळीत कुणी उल्लेख करत नसे, कारण कड्या बऱ्याच दारांना लागत होत्या.

ताईची सुपारी संपाआधीच्या दिवाळीत फुटली होती. मुलगा शेजारच्या गिरणीत, बदली, पण लवकरच कायम होईल असं सगळे म्हणत. मे महिन्यात लग्न धरलं होतं. दोन्हीकडचे म्हणाले, संप मिटू दे. तो मिटलाच नाही. रीतसर मागे घेतल्याची घोषणा आजवर झालेली नाही. 1983च्या ऑक्टोबरमध्ये सरकारनं तेरा गिरण्या ताब्यात घेतल्या तरी हजारो लोक बाहेरच राहिले. ताईचा तो मुलगा भिवंडीला पॉवरलूमवर बारा-बारा तास उभा राहू लागला आणि सोयरीक न बोलता विरली. पुढे ताई पाटणकडेच दिली, शेती करणाऱ्या घरात. पूर्वी गावची पोरगी मुंबईला पडली की नशीब काढलं म्हणत. आता मुंबईच्या पोरी पदर खोचून भातलावणीला उभ्या राहिल्या.

गावातही सगळं गोड नव्हतं. इतकी वर्षं सणाला येणारा नवरा आता रोज अंगणात. कुठलं वावर कुणाला वाट्यानं द्यायचं, म्हैस विकायची की ठेवायची, हे आमची काकी एकटी ठरवत आली होती. काका येऊन मालक झाले. "पाव्हणा हुता तवर बरा हुता," असं ती भांडी घासता घासता म्हणाली होती, आणि हसली नव्हती.

संपानं गिरणगावातले संसार मोडले, असं आता भाषणांत म्हणतात. दारू वाढली, पोरं टोळ्यांत गेली, हे खरंच आहे. पण माझ्या पाहण्यातली बहुतेक लग्नं टिकली. टिकली ती बायकांच्या पोळ्यांवर, शिवणकामावर, फुलांच्या टोपल्यांवर. घर त्यांनी ओढलं, म्हणून त्यांचं घरात चालायला लागलं का? थोडंफार. आईला विचारल्याशिवाय अण्णा पुढे काही करत नसत. कागद मात्र होते तसेच राहिले.

हे कळलं 2012 साली. गिरण्यांच्या जमिनीवर टॉवर आणि मॉल उठल्यानंतर कामगारांच्या घरांची म्हाडाची पहिली सोडत निघाली, सहा हजार नऊशेच्या वर घरांची. अर्ज लाखाच्या वर. कामगार हयात नसेल तर वारसांनी कागद करायचे. अण्णा नव्हते. आमचा नंबर लागला नाही, पण नंबर लागायच्या आधीच भावानं हक्कसोडीचा कागद पुढे केला होता, ताईची सही आधी, मग माझी. "पुढं कटकट नको, म्हणून," तो म्हणाला. ताईनं सही केली. मी आईकडे बघितलं, तिनं मान डोलावली नाही की नकारार्थी हलवली नाही. मी कागद वाचायला घरी नेला आणि परत दिला नाही. भाऊ वर्षभर बोलला नाही. आमच्या चाळीतल्या बाकी पोरींनी बहुधा सह्या केल्या असतील. त्यांच्या आयांनी ओढलेल्या घरांचा वाटा त्या एका सहीनं गेला, आणि त्याची नोंद संपाच्या कुठल्याही हिशेबात नाही.