जुनी जावा पुन्हा रस्त्यावर येते तेव्हा

वाड्याच्या जिन्याखाली किंवा बंगल्याच्या पडवीत वर्षानुवर्षे धूळ खात उभी असलेली वडिलांची अथवा आजोबांची मोटारसायकल अनेक घरांत आढळते. ती भंगारात द्यावी की पुन्हा रस्त्यावर आणावी, हा प्रश्न केवळ पैशाचा नसतो. कारखाना बंद झालेला, सुटे भाग दुर्मीळ झालेले आणि गाडीची नस ओळखणारे कारागीर वयाने थकलेले, अशा स्थितीत एकट्या मालकाला हे काम पेलत नाही. मित्रांची साथ लाभली तरच ते तडीस जाते. जावा आणि येझदी गाड्यांच्या बाबतीत याचा विशेष प्रत्यय येतो.

म्हैसूरचा वारसा

जावा ही मूळची चेकोस्लोव्हाकियातील कंपनी. फ्रांतिशेक यानेचेक यांनी १९२९ मध्ये जर्मनीच्या वांडरर कंपनीकडून मोटारसायकल बनविण्याचे हक्क घेतले आणि दोन्ही नावांची आद्याक्षरे जोडून 'जावा' हे नाव सिद्ध झाले. भारतात रुस्तम इराणी यांच्या पुढाकाराने म्हैसूर येथे आयडियल जावा कंपनी उभी राहिली व १९६१ मध्ये उत्पादन सुरू झाले. १९७३ पासून या गाड्या 'येझदी' नावाने विकल्या जाऊ लागल्या. १९९६ मध्ये कारखान्याला टाळे लागले.

पुढे २०१८ मध्ये जावा आणि २०२२ मध्ये येझदी ही नावे बाजारात परतली. मात्र नव्या गाड्यांचे इंजिन फोर-स्ट्रोक आणि द्रवाने थंड होणारे आहे. त्यांचे भाग जुन्या इंजिनाच्या उपयोगाचे नाहीत. जुन्या जावाचे २५० सीसी टू-स्ट्रोक इंजिन सिलिंडर एक, पण सायलेन्सर दोन, असे होते. किक आणि गिअर यांसाठी एकच दांडा हे तिचे आणखी एक वैशिष्ट्य.

आधी कागद, मग पाने

कामाचा प्रारंभ गाडी खोलण्याने नव्हे, तर कागदपत्रांनी करावा. इंजिन व चासी क्रमांक आरसी बुकातील नोंदीशी जुळतात का, हे प्रथम पाहावे. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांसाठी वैध असते. त्यानंतर दर पाच वर्षांनी तिचे नूतनीकरण करावे लागते. नोंदणी अनेक वर्षे रखडली असेल, तर आरटीओच्या कामाचा अनुभव असलेला मित्र मेकॅनिकइतकाच मोलाचा ठरतो.

केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये ५० वर्षांहून जुन्या दुचाकी व चारचाकी गाड्यांसाठी स्वतंत्र नियम अधिसूचित केले. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार न केलेल्या गाडीला त्यानुसार 'व्हिंटेज' म्हणून नोंदणी मिळू शकते. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये, तर मुदत दहा वर्षांची ठेवण्यात आली. अशी गाडी प्रदर्शने, रॅली, दुरुस्ती व इंधन भरणे अशा कारणांसाठीच रस्त्यावर आणता येते. नित्य वापरासाठी नाही.

कामाची वाटणी

मित्रांच्या गटात कामे वाटून घेणे हिताचे. एकाने इंजिन पाहावे, दुसऱ्याने वायरिंग, तिसऱ्याने भागांचा शोध घ्यावा. पुण्यातील नाना पेठ किंवा मुंबईतील कुर्ल्याच्या बाजारात चिकाटीने फिरल्यास कधी एखादा मूळ भाग हाती लागतो. खोलताना प्रत्येक टप्प्याचे छायाचित्र घ्यावे आणि नटबोल्ट चिठ्ठी लावलेल्या वेगवेगळ्या डब्यांत ठेवावेत. महिन्यांनंतर गाडी जोडताना स्मरणशक्ती दगा देते, छायाचित्र देत नाही.

इंजिन जाम असल्यास जोर लावून किक मारू नये. प्लगच्या छिद्रातून गंज सोडविणारे तेल घालून काही दिवस थांबावे. टू-स्ट्रोक इंजिनात क्रँकचे ऑइल सील महत्त्वाचे. ते कडक झाले असतील तर इंजिन बाहेरची हवा ओढते किंवा पांढरा धूर सोडते. क्रँकशाफ्ट दाबून बसविलेला असल्याने तो उघडून पुन्हा अचूक सरळ करणे घरच्या हातोड्याचे काम नव्हे. तो आणि सिलिंडर जाणकार लेथवाल्याकडेच सोपवावा.

दोन बाबतींत निष्काळजीपणा जिवावर बेतू शकतो. रिकाम्या टाकीतही पेट्रोलची वाफ राहते. त्यामुळे ती नीट धुऊन निर्धोक केल्याखेरीज वेल्डिंग करू नये. जुन्या ब्रेक लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असण्याची शक्यता असते. ती धूळ हवेच्या झोताने न उडविता ओल्या फडक्याने पुसावी.

आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते पाणी शोषते व जुने रबर खराब करते. म्हणून इंधनाची नळी, वॉशर व कार्ब्युरेटरचे सील इथेनॉल सोसणारे बसवावेत आणि गाडी दीर्घकाळ उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करावी.

मूळपण जपताना

चकचकीत रंग आणि नवे क्रोम यांचा मोह स्वाभाविक आहे. परंतु मूळ रंग, टाकीवरील सोनेरी रेषा वा जुना स्पीडोमीटर शाबूत असेल, तर तो बदलण्याऐवजी स्वच्छ करून ठेवावा. नवा भाग बसविला तरी जुना फेकू नये. नमुना म्हणून तो पुढे कामी येतो.

रविवारच्या काही तासांत चालणारे हे काम अनेकदा वर्षभर रेंगाळते. या काळात वृद्ध मेकॅनिकला गॅरेजमध्ये बोलावून त्याच्याकडून टायमिंग लावणे, क्लच जुळविणे हे तरुण मित्रांनी शिकून घ्यावे आणि वहीत टिपून ठेवावे. गाडीचे भाग उद्या कोणी तरी नव्याने घडवीलही. त्या हातांतील ज्ञान मात्र एकदा गेले की बाजारात मिळत नाही. पहिल्या किकला इंजिन जागे होते, तेव्हा एका गाडीबरोबर ते ज्ञानही वाचलेले असते.