पेन्शन म्हणजे बलुतं नव्हे

दापोलीत एकेकाळी महार पेन्शनरांची मोठी वस्ती होती. लष्करातून निवृत्त झालेल्या गोपाळबाबा वलंगकरांनी तिथूनच १८८८ मध्ये ‘विटाळ विध्वंसन’ लिहिले. सुभेदार रामजी सकपाळही निवृत्तीनंतर कुटुंब घेऊन दापोलीलाच गेले. बलुत्यासाठी खळ्यावर हात जोडून उभे राहावे लागे, देणाऱ्याची मर्जी सांभाळावी लागे. पेन्शनला गावाची मर्जी लागत नव्हती. अस्पृश्यांच्या पहिल्या चळवळीची ताठ मान या पैशावरही उभी होती, असे आम्ही मानतो.

तरीही सरकारदरबारी पेन्शन ही बक्षिसीच समजली जाई. ती हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये देवकीनंदन प्रसाद खटल्यात सांगितले. १७ डिसेंबर १९८२ च्या नकारा निकालाने ते पक्के केले. तो दिवस पेन्शनर आजही पाळतात.

पण हक्क उशिरा मिळाला तर? केरळचे पद्मनाभन नायर १९ मे १९७३ ला निवृत्त झाले आणि पैसे मिळाले १४ ऑगस्ट १९७५ ला. कोषागार अधिकाऱ्याने एलपीसी, म्हणजे शेवटच्या पगाराचा दाखला, अडवून ठेवला होता. नायर कोर्टात गेले. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुनावले की निवृत्तीची तारीख सरकारला आधीच ठाऊक असते, मग कागद आठवडाभर आधी तयार का नसावेत? दिरंगाई केली तर व्याजाचा दंड भरा. पुढे २००८ मध्ये एस. के. दुआ खटल्यात न्यायालय म्हणाले, नियमात तरतूद नसली तरी संविधानाच्या कलम १४, १९ आणि २१ च्या आधारे व्याज मागता येते.

महाराष्ट्रात तर १९८२ च्या पेन्शन नियमांत १२९-अ आणि १२९-ब आहेतच. तरी आमच्या वस्तीतला निवृत्त शिपाई साहेबांपुढे हात जोडूनच उभा राहतो. उशिरा का होईना, मिळाले ना, म्हणतो. हे खळ्यावरचे उभे राहणे नाही तर काय?

नायर यांनी १२ टक्के मागितले होते, ६ टक्के मिळाले. सर्वोच्च न्यायालय १२ द्यायलाही तयार होते. पण कमी दराविरुद्ध नायर यांनी उच्च न्यायालयात हरकतच घेतली नव्हती, म्हणून वाढवता आले नाही. तेव्हापासूनचा धडा घेऊन आम्ही कुणाचाही अर्ज लिहून देताना निवृत्तीची तारीख, पैसे मिळाल्याची तारीख आणि व्याजाचा दर पहिल्याच पानावर लिहितो. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडत नाही.