शस्त्रावरील मुद्रा : ली-एन्फील्ड रायफलची ओळख व जतन

ताम्रपट किंवा जुने नाणे हाती आले म्हणजे अभ्यासक प्रथम त्यावरील अक्षरे, मुद्रा व झीज यांची नोंद करतो; त्यापूर्वी ते घासून चकचकीत करण्याचे धाडस तो करीत नाही. लष्करातून बाद झालेल्या बंदुकीच्या वाट्याला मात्र ही शिस्त क्वचितच येते. संग्रहालयात येताच तिचा गंज खरवडला जातो, दस्ता पॉलिशकागदाने घासून त्यावर रोगण चढते आणि ‘जुनी इंग्रजी बंदूक’ एवढ्याच नावाने ती काचेआड उभी राहते. वस्तुतः अशी बंदूक हा एक कोरीव लेखच असतो. तिची ओळख पटविणे आणि तिचे जतन करणे ही दोन कामे वेगळी मानल्यामुळे तो लेख वाचण्यापूर्वीच पुसला जातो. भारतात दीर्घकाळ वापरात असलेल्या ली-एन्फील्ड रायफलच्या उदाहरणाने हे स्पष्ट करता येईल.

या रायफलची रचना दोन परंपरांच्या संयोगातून झाली. बोल्ट व मॅगझिन यांची योजना स्कॉटलंडमध्ये जन्मलेल्या जेम्स पॅरिस ली याची होती. इ. स. १८८८ मध्ये ब्रिटिश सैन्याने तिच्याशी विल्यम मेटफर्ड याच्या पद्धतीच्या खाचांची नळी जोडली. परंतु कॉर्डाइट या निर्धूर दारूच्या उष्णतेने मेटफर्डच्या उथळ खाचा लवकर झिजू लागल्या. म्हणून १८९५ मध्ये एन्फील्ड कारखान्याच्या पद्धतीच्या खोल खाचा आल्या आणि ‘ली-मेटफर्ड’ची ‘ली-एन्फील्ड’ झाली. १९०२ मध्ये पायदळ व घोडदळ या दोहोंसाठी एकच आखूड नमुना ठरला, आणि १९०७ मधील त्याच्या तिसऱ्या सुधारित रूपाने पहिले महायुद्ध लढले गेले. नळीचा व्यास .३०३ इंच, मॅगझिनमध्ये दहा काडतुसे, असे तिचे मुख्य लक्षण होय.

ओळखीचा प्रमुख लेख दस्त्याच्या मानेभोवतालच्या पोलादी कड्यावर, उजव्या अंगास असतो. वर राजमुकुट, त्याखाली राजाची आद्याक्षरे, मग कारखान्याचे नाव, वर्ष व नमुन्याचा क्रमांक, अशी त्याची मांडणी आहे. कलकत्त्याच्या उत्तरेस हुगळीकाठी असलेल्या इशापूरच्या कारखान्यातील रायफलींवर ‘जी.आर.’ऐवजी ‘जी.आर.आय.’ अशी अक्षरे आढळतात. त्यांतील शेवटचे अक्षर सम्राटपदाचे द्योतक होय. प्रजासत्ताकाच्या काळातील रायफलींवर मुकुटाचे स्थान अशोकस्तंभाच्या सिंहशीर्षाने घेतले. सत्तांतराची अशी नोंद बोटभर पोलादावर क्वचितच सापडेल. नमुन्याच्या आकड्यापुढील लहानशी तारकाही अर्थपूर्ण आहे. महायुद्धात उत्पादनाचा वेग वाढविण्यासाठी मॅगझिन बंद ठेवणारी पट्टी व लांब पल्ल्याच्या समूह-गोळीबाराची दर्शके वगळण्यात आली. तारका त्या काटकसरीची खूण होय.

या मूळ लेखावर पुढे थर चढत जातात. रुंद बाणाची खूण सरकारी मालकी दाखविते. बाणाखाली ‘आय’ हे अक्षर असल्यास ती भारतीय मालकी होय. टोकास टोक भिडविलेले दोन बाण म्हणजे शस्त्र सरकारी सेवेतून विकले गेल्याची नोंद. ‘एफ.टी.आर.’ ही अक्षरे व त्यांपुढील वर्ष कारखान्यात झालेली संपूर्ण दुरुस्ती सांगतात, तर ‘डी.पी.’ ही अक्षरे शस्त्र केवळ कवायतीपुरते उरल्याचे, म्हणजेच ते झाडणे धोक्याचे असल्याचे, बजावतात. बोल्ट, नळी, पुढील टोपण व दर्शकाची पट्टी यांवरील क्रमांक एकच असतील तर हे भाग आरंभापासून एकत्र असण्याचा संभव अधिक. क्रमांक जुळत नसतील तर ती रायफल हीन ठरत नाही. तिच्या दुरुस्त्यांचा इतिहास मात्र निराळा ठरतो. इशापूरच्या अनेक रायफलींच्या पुढील लाकडातून आडवा गेलेला स्क्रूही असाच बोलका आहे. लाकूड फाटू नये म्हणून केलेला तो उपाय आहे. तो विद्रूपता समजून काढून टाकणे म्हणजे पुरावा नष्ट करणे होय.

नमुना ओळखण्यातील एक चूक विशेष घातक आहे. १९६० नंतरच्या दशकात इशापूरने ७.६२ मिलिमीटर काडतुसासाठी ‘२ ए’ व ‘२ ए १’ हे नमुने काढले. बाह्यरूप जुन्या रायफलचेच असल्याने त्यांना ‘नळी बदललेल्या .३०३’ मानण्याचा प्रघात पडला आहे. प्रत्यक्षात त्या निराळ्या पोलादाच्या, नव्याने घडविलेल्या रायफली आहेत. त्यांचे मॅगझिन अधिक चौकोनी व बारा काडतुसांचे असते. लष्करी व्यासाची शस्त्रे खासगी हाती जाऊ नयेत या धोरणामुळे परवानाधारकांसाठी याच बांधणीची .३१५ व्यासाची शिकारी रायफलही इशापूरने केली. तीन वस्तू, तीन हेतू. पण केवळ आकार पाहणाऱ्याला त्या एकच वाटतात.

बनावट लेखांची परीक्षाही येथे करावी लागते. वायव्य सरहद्दीवरील दर्रा आदमखेल येथील कारागीर इंग्रजी शस्त्रांच्या हुबेहूब प्रतिकृती घडवीत आले आहेत. मुद्रेतील अक्षरे अर्थ न जाणता कोरल्यामुळे ‘एन्’ हे अक्षर उलटे पडते, स्पेलिंग चुकते. आखूड नमुन्याच्या रायफलवर व्हिक्टोरिया राणीची आद्याक्षरे असतील तर दुसऱ्या पुराव्याची गरज उरत नाही; राणी १९०१ च्या जानेवारीत वारली आणि हा नमुना त्यानंतरचा आहे.

तथापि अस्सल मुद्रेचेही सामर्थ्य मर्यादित असते. ती जन्मस्थान व जन्मवर्ष सांगते. शस्त्र कोणाच्या हाती होते हे सांगत नाही. पुणे डिव्हिजनमधील १०३, ११० व ११७ या मराठा पलटणी १९१६ च्या एप्रिलमध्ये कूट येथे शरण गेलेल्या सैन्यात होत्या. म्हणून १९१५ ची मुद्रा असलेल्या प्रत्येक रायफलला कूटची कथा चिकटविता येत नाही. १९१४ मध्ये मार्सेय येथे उतरलेल्या भारतीय पलटणींना जुन्या रायफली देऊन नव्या काडतुसास योग्य अशा रायफली घ्याव्या लागल्या होत्या. पलटण आणि तिची शस्त्रे यांची सोबत इतकी अनिश्चित असते. दस्त्यावरील पितळी चकतीवर पलटणीची खूण असल्यास तिचे मोल म्हणूनच फार आहे.

जतनाचे नियम या विवेचनातूनच निघतात. रायफल रिकामी असल्याची खात्री करून घेतल्यावर प्रथम सर्व खुणांची छायाचित्रे घ्यावीत. स्वच्छतेचा विचार नंतर. जुन्या काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असे. स्फोटानंतर त्याचा क्षार नळीत उरतो, हवेतील ओलावा ओढतो आणि पोलाद खातो. हा क्षार तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळतो. नळीतून उकळते पाणी ओतण्याची, मग ती कोरडी करून तेल देण्याची सैनिकी रीत म्हणूनच शास्त्रशुद्ध होती. बाह्यांगावर तांबडा, भुकटीसारखा सुटणारा गंज असल्यास तो तेलाने भिजवून मऊ कापडाने हलकेच काढावा; एकसारखी, स्थिर तपकिरी झाक मात्र राहू द्यावी. तारेचा ब्रश किंवा नवा रंग वापरल्यास उथळ मुद्रा प्रथम जातात. बोल्ट दुसऱ्या रायफलचा बसवू नये. तो प्रत्येक नळीशी स्वतंत्र जुळविलेला असतो.

लाकडास सैनिक कच्चे जवसाचे तेल चोळीत. संग्रहालयात ते वारंवार देण्याची गरज नाही. धूळ निघाली व हवेतील आर्द्रता स्थिर राहिली तरी पुरे. कातडी म्यान व जाड कापडी गवसणी ओलावा धरून ठेवतात, म्हणून कोकणासारख्या दमट प्रदेशात त्यांत रायफल ठेवणे अनिष्ट होय.

उत्तर प्रदेशच्या पोलीस दलाने .३०३ रायफलला निरोप दिला तो २०२० मध्ये. शस्त्रागारांतून अशा रायफली बाहेर पडतात तेव्हा बहुतेकींच्या वाट्याला भट्टीच येते. ज्या थोड्या संग्रहालयांत पोहोचतील त्यांच्या नोंदवहीत कड्यावरील लेख, जुळणारे व न जुळणारे क्रमांक आणि दुरुस्तीच्या खुणा जशाच्या तशा उतरल्या, तर कारखाने, युद्धे व सत्तांतरे यांचा एक स्वतंत्र पुरावा इतिहासाला मिळेल. चकाकी पुन्हा आणता येते. घासलेली मुद्रा पुन्हा आणता येत नाही.