बेकारी भत्ता आणि तारखेची पोच

बेकारी भत्ता म्हणजे रीतसर काम मागूनही काम न मिळालेल्या मजुराला शासनाने द्यायची रक्कम. पुणे जिल्ह्यातील शिरूर आणि दौंड तालुक्यांत हा हक्क रोजगार हमी योजनेतून आला. दोन्ही तालुके पर्जन्यछायेत येतात. घोड, चासकमान आणि खडकवासल्याच्या कालव्यांवर काही गावांत ऊस उभा राहिला. पाबळ, केंदूर, कान्हूर मेसाई, कुसेगाव, रोटी हा पट्टा मात्र जिरायतीच राहिला. तिथे पाऊस हुकला की शेतमजुरी थांबते.

1972 च्या दुष्काळात महाराष्ट्रभर खडी फोडणे, नालाबांध, पाझर तलाव, रस्ते अशी कामे निघाली. मे 1973 मध्ये राज्यातील दुष्काळी कामांवर सुमारे 50 लाख माणसे होती. वि. स. पागे यांनी मांडलेल्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या योजनेला 1977 च्या कायद्याने हक्काचे रूप दिले आणि 26 जानेवारी 1979 पासून तो कायदा लागू झाला. अंगमेहनत करायला तयार असलेला गावातील कोणीही प्रौढ काम मागू शकत होता. जात, जमीन किंवा उत्पन्न यांची अट नव्हती. 15 दिवसांत काम न मिळाल्यास दिवसाला किमान एक रुपया भत्ता ठरला.

वाद उठले ते अटींवरून. काम जिल्ह्यात कोठेही दिले तरी ते नाकारणाऱ्याचा भत्ता जाई. लहान मूल घरी असलेल्या बाईला दूरचे काम म्हणजे नकारच होता. किमान 50 मजूर असल्याशिवाय नवे काम सुरू होत नसे, त्यामुळे छोट्या वाडीची मागणी रेंगाळे.

2005 च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्याने 100 दिवसांची हमी दिली आणि भत्त्याचा दर मजुरीशी जोडला: पहिले 30 दिवस किमान एक चतुर्थांश, पुढे किमान निम्मा. पाच किलोमीटरपलीकडच्या कामाला 10 टक्के जादा मजुरी ठरली. बोलावूनही 15 दिवसांत कामावर न येणारा तीन महिने भत्त्याला अपात्र ठरू लागला.

खरा कस मात्र नमुना 4 वर लागतो. मजूर ग्रामपंचायतीत या नमुन्यात काम मागतो आणि त्याला तारखेची पोच मिळायला हवी. 15 दिवसांची मोजणी तिथूनच सुरू होते. तोंडी मागणी केली, किंवा अर्ज घेऊन पोचच दिली नाही, तर मागणी केव्हा झाली हे सिद्ध करता येत नाही आणि दावा तिथेच पडतो. 2005 च्या कायद्यात मजुरीचा पैसा केंद्राचा होता, भत्ता राज्याच्या तिजोरीतला. त्यामुळे भत्ता देण्याची वेळ येऊ नये याकडेच यंत्रणेचा कल राहिला. राज्यात हा भत्ता क्वचितच दिला गेला. काम मागणाऱ्या प्रत्येकाच्या हाती त्याच दिवशी पोच पडली, तरच ही हमी खरी ठरते.