मूर्तीच्या तळाशी कोरलेले नाव

गेल्या आगमनकाळात एक गृहस्थ आम्हांला भेटावयास आले. त्यांच्या मातोश्री तरुणपणी जर्मनीत परिचारिका होत्या. परतताना त्यांनी तेथून एक छोटी मूर्ती आणली होती: कोकरू घेतलेला, गोबऱ्या गालांचा मेंढपाळ पोरगा. चाळीस वर्षे ती त्यांच्या वेदीशेजारी होती. घराची रंगरंगोटी करताना ती खाली पडली आणि तिचे तुकडे झाले. आईच्या ऐंशीव्या वाढदिवसाला तशीच मूर्ती द्यावी, असे मुलाच्या मनात आले. परंतु मूळ कारखान्याने या मूर्ती घडविणे केव्हाच थांबविले आहे. मुंबईतील एका विक्रेत्याने हुबेहूब नक्कल थोडक्या किमतीत देऊ केली. तिच्यावर मूळ सही होती आणि तळाला कारखान्याची मुद्राही होती. "फादर, कारखाना तर आता ती बनवीत नाही. मग मी नक्कल घेतली तर कुणाचे काय गेले? आणि आईला आनंद दिला तर पाप कसले?" असा त्यांचा प्रश्न होता.

तत्काळ उत्तर देणे आम्हांला जमले नाही. ज्या मूर्तीविषयी हा प्रश्न होता, तिच्या पाठीमागे एका धर्मभगिनीचे आयुष्य उभे आहे. ते आधी सांगितले पाहिजे.

बेर्टा हुमेल हिचा जन्म 21 मे 1909 रोजी बव्हेरियातील मासिंग या गावी झाला. वडील दुकानदार होते. मुलीचा चित्रकलेकडील ओढा ओळखून घरच्यांनी तिला 1927 साली म्युनिकच्या उपयोजित कला अकादमीत पाठविले. तेथील शिक्षण पूर्ण होताच, 1931 साली, तिने सीसेन येथील फ्रान्सिस्कन धर्मभगिनींच्या मठात प्रवेश केला. तेथे तिला मारिया इनोसेन्शिया हे नाव मिळाले. मठात ती चर्चची वस्त्रे व पताका यांची नक्षी काढी, मुलांना चित्रकला शिकवी आणि फावल्या वेळात खेड्यातल्या पोरांची चित्रे रंगवी: अनवाणी, विस्कटलेल्या केसांची, आपल्याच नादात गुंग झालेली पोरे. ही चित्रे पोस्टकार्डांवर छापली जाऊ लागली आणि 1934 साली त्यांचे पुस्तकही निघाले.

कोबुर्गजवळच्या एका कारखान्याचा मालक फ्रान्झ गोबेल याच्या दृष्टीस ती कार्डे पडली. या चित्रांच्या मूर्ती कराव्यात, असे त्याच्या मनात आले आणि जानेवारी 1935 मध्ये मठाशी करार झाला. प्रत्येक नवी मूर्ती सिस्टरांनी, व त्यांच्या पश्चात मठाने, पाहून मान्य करावयाची; चौथऱ्यावर सिस्टरांची सही कोरावयाची; आणि विक्रीतील ठरलेला वाटा मठास द्यावयाचा, असे त्या कराराचे स्वरूप होते. चित्रावरून मातीचा नमुना करणारे शिल्पकार निराळे आणि साच्यातून निघालेल्या मूर्तीचे गाल, डोळे, पायमोजे हाताने रंगविणारे कारागीर निराळे. त्याच वर्षीच्या वसंत ऋतूत लायप्झिगच्या जत्रेत या मूर्ती प्रथम मांडल्या गेल्या व त्यांना मोठी मागणी आली.

नाझी राजवटीला मात्र ही मुले मुळीच रुचली नाहीत. धट्टीकट्टी, शिस्तबद्ध जर्मन संतती हे त्या राजवटीचे स्वप्न! 1937 साली त्यांच्या एका नियतकालिकाने, ही मोठ्या डोक्यांची बावळट पोरे म्हणजे जर्मन बालकांचा अपमान होय, असा सूर लावला. 1940 साली सीसेनचा मठच सरकारने ताब्यात घेतला आणि बहुतेक भगिनींना बाहेर काढले. सिस्टर इनोसेन्शिया काही आठवडे माहेरी जाऊन परत आल्या. मागे राहिलेल्या मूठभर भगिनींसह त्या एका लहानशा खोलीत राहू लागल्या. तीच त्यांची निजायची खोली आणि तीच चित्रशाळा. त्या हलाखीच्या दिवसांत मूर्तींच्या वाट्याचा पैसा हा त्या भगिनींना मोठा आधार होता. थंडी, अपुरे अन्न आणि क्षय यांनी त्यांचे शरीर पोखरले. 6 नोव्हेंबर 1946 रोजी, वयाच्या सदतिसाव्या वर्षी, त्यांनी देह ठेवला.

त्यांच्या मूर्तींची खरी कीर्ती यानंतरची आहे. बव्हेरियात तळ देऊन राहिलेल्या अमेरिकन सैनिकांनी त्या आठवण म्हणून घरोघरी नेल्या. मठाने वाटा घेतला, पण सही करणारी व्यक्ती ते वैभव पाहावयास राहिली नव्हती. 'हुमेल' या जर्मन शब्दाचा अर्थ भुंगा. त्यावरून कारखान्याने 1950च्या सुमारास तळाच्या मुद्रेत एक उडणारा भुंगा घातला. पुढे संग्राहकांचे मंडळ निघाले, किमतींची पुस्तके निघाली. काही घाट मर्यादित संख्येत काढले जाऊ लागले, तर काही बंद करून त्यांचे साचे फोडले जाऊ लागले. जे मिळेनासे झाले, त्याची किंमत चढली.

आणि जेथे किंमत चढते, तेथे नक्कल येते. महायुद्धाच्या काळात जर्मन माल अमेरिकेत पोहोचेना, तेव्हा तेथे प्लास्टरच्या नकला निघाल्या. युद्धानंतर जपानमध्ये तशाच धाटणीच्या मूर्ती बनू लागल्या. यांपैकी काहींवर निराळेच नाव होते. ते अनुकरण होते, पण उघड होते. काहींनी मात्र सही व मुद्रा यांचीच नक्कल केली. वरवर पाहता दोन्ही नकलाच, पण आमच्या प्रश्नाची उकल याच भेदात आहे.

मूर्तीची नक्कल करणे हे स्वतः पाप नव्हे. तसे असते तर आपली अर्धी चर्चे रिकामी करावी लागतील! लूर्दच्या गुहेतील मरियामातेची मूर्ती फाबिश नावाच्या फ्रेंच शिल्पकाराने 1864 साली घडविली. तिच्या प्रतिकृती आज जगभरच्या धर्मग्रामांत आहेत, आपल्याही ग्रोटोत आहेत. त्यांच्यापुढे गुडघे टेकणाऱ्या कोणाचीही फसवणूक होत नाही, कारण ही मूळ मूर्ती आहे असे आपण कोणास सांगत नाही.

आता दुसरे उदाहरण पाहा. 1496च्या सुमारास फ्लॉरेन्समधील एका विशीतल्या शिल्पकाराने निद्रिस्त मदनाची मूर्ती कोरली. ती पुरातन भासावी असे तिला रूप दिले गेले आणि एका दलालाने ती रोममध्ये कार्डिनल राफाएले रियारियो यांना दोनशे डुकॅट्सना विकली. शिल्पकाराच्या हाती मात्र तीसच पडले. कार्डिनलांना खरा प्रकार कळला तेव्हा त्यांनी मूर्ती परत करून पैसे मागून घेतले. पण ज्याचा हात इतका सिद्ध, त्या तरुणाला त्यांनी रोमला बोलाविले. तो तरुण म्हणजे मायकेलअँजेलो. दोन-तीन वर्षांनी त्याने रोममध्येच 'पिएता' पूर्ण केली. तिचे श्रेय कोणी परक्या शिल्पकाराला देत असल्याचे त्याच्या कानी पडले, म्हणून रात्री जाऊन त्याने मरियामातेच्या छातीवरील पट्टीवर आपले नाव कोरले, असे त्याचा चरित्रकार वाझारी सांगतो. त्याने नाव कोरलेली ही एकच कृती. आपली कृती दुसऱ्याची म्हणून खपू देणाऱ्या त्याच तरुणाला, आपले श्रेय दुसऱ्याकडे जाताच, नावाचे मोल कळले.

संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात खरेदी-विक्रीतील फसवणुकीचा विचार केला आहे. सेमिनरीत तो भाग शिकताना त्यातील एक उदाहरण आम्हांला थोडे गमतीचे वाटे. किमयागाराने बनविलेले सोने खरे सोने म्हणून विकावे काय? संत थॉमस म्हणतात, त्यात खऱ्या सोन्याचे गुण नसतील तर तसे विकणे ही फसवणूकच. ग्राहकाला धातूचा तुकडा हवा नसतो, सोने हवे असते. वस्तू दुसरीच असेल तर व्यवहारच अन्यायाचा. दुसऱ्या एका ठिकाणी ते भरपाईचा विचार करतात. प्रत्यक्ष चोराबरोबर आज्ञा देणारा, सल्ला देणारा, आश्रय देणारा, वाटा घेणारा, बोलणे कर्तव्य असताना गप्प राहणारा, अशांचीही ते गणना करतात. म्हणजे पैसे मोजणारा ग्राहक केवळ प्रेक्षक ठरत नाही. बनावट मालाचा धंदा त्याच्याच पैशावर चालतो.

"कुणाचे काय गेले?" हा प्रश्न तरीही उरतो, आणि तो प्रामाणिकपणे तोलला पाहिजे. गोबेल कारखान्याने 2008 साली या मूर्ती बनविणे थांबविले. त्यानंतर त्याच गावात दुसऱ्या कंपनीने काही वर्षे काम चालविले. ज्या मूर्तींसाठी संग्राहक एकेकाळी मोठी रक्कम मोजीत, त्यांपैकी बहुतेकींचे भाव पुढे फार कोसळले. कलावंताच्या मृत्यूनंतर सत्तर वर्षांनी जर्मनीत चित्रांवरील हक्क संपतो. त्या हिशेबाने सिस्टरांच्या चित्रांवरील हक्क 2016 अखेर संपला. शिवाय वस्तू मुद्दाम थोडी काढून हाव वाढविणे, हा व्यापारही काही सात्त्विक नव्हे. हे सारे मान्य केले, तर सातव्या आज्ञेचा भंग पूर्वीइतका उघड राहत नाही.

परंतु आठवी आज्ञा शिल्लक राहते. चित्रावरील हक्क संपला, म्हणून तिची सही करण्याचा हक्क कोणास मिळाला नाही. ती सही म्हणजे एक साक्ष होती: हे रूप त्या भगिनीने किंवा तिच्या मठाने पाहिले व मान्य केले आहे. खोट्या मूर्तीवरील सही मृत व्यक्तीच्या नावाने खोटी साक्ष देते. आज घेणाऱ्यास खरे ठाऊक असेल. पण मूर्ती माणसापेक्षा दीर्घायुषी असते. ती उद्या नातवंडांकडे जाईल, अडचणीच्या वेळी विकावयास निघेल, आणि तेव्हा ती खोटी आहे हे सांगणारा कोणी नसेल. शिवाय येथे पहिली फसवणूक घरातच होणार होती. आई ती मूर्ती खरी समजून हाती घेणार होती.

म्हणून त्या गृहस्थांना आम्ही म्हटले, "तुम्ही त्या विक्रेत्याला सांगा, सही आणि मुद्रा नसलेली मूर्ती द्या. आईलाही सांगा की ही प्रतिकृती आहे. मग आमची काहीही हरकत नाही."

आठवड्याने ते परत आले. विक्रेता हसला होता म्हणे. "साहेब, सही नसेल तर ती घेणार कोण?" असे त्याने विचारले होते. आम्हांला वाटते, आमच्या सर्व विवेचनापेक्षा त्याच्या या प्रश्नातच अधिक स्पष्ट उत्तर होते. तो मूर्ती विकतच नव्हता. तो नाव विकत होता आणि ते नाव त्याचे नव्हते.

वाढदिवसाच्या मिस्साबलिदानानंतर आम्ही त्यांच्या घरी आशीर्वाद देण्यास गेलो. वेदीशेजारी जुनाच मेंढपाळ पोरगा उभा होता. तुकडे डिंकाने जोडलेले होते आणि कोकराचा एक कान सापडलाच नव्हता. मातोश्रींनी मूर्ती उलटी करून तळाची मुद्रा आम्हांला दाखविली. जर्मनीत पहिल्या पगारातून ती कशी घेतली, हे त्यांनी सांगितले. मग सिस्टर इनोसेन्शियांची हकिगत आम्ही त्यांना सांगितली. चाळीस वर्षे जिची सही घरात होती ती एक व्रतस्थ भगिनी होती, हे त्यांना त्या दिवशी प्रथमच कळले. नातवंडांना जवळ बोलावून त्यांनी ती हकिगत आम्हांला पुन्हा सांगावयास लावली.