सारस रंगाचं इंजिन

माझ्या टेबलावर एक डिझेल इंजिन उभं आहे. लांबी वीतभरही नाही. अंग राखाडी, कॅबचा वरचा भाग लाल, बाजूला पांढऱ्या अक्षरांत ‘बी. एन. आर.’. राखाडी-लाल ही जोडी सारस पक्ष्याची. महाराष्ट्रात सारस आता मुख्यतः आमच्या गोंदिया जिल्ह्यातल्या धानाच्या बांध्यांत आणि तळ्यांकाठी दिसतो, म्हणून ती निवडली. या रंगाचं इंजिन गोंदियात कधीच धावलं नाही. कुठेच धावलं नाही.

मॉडेल रेल्वेच्या छंदात हा प्रकार जुना आहे. जगभरचे छांदिष्ट बुडालेल्या, विलीन झालेल्या कंपन्यांच्या नावाने नवी इंजिनं रंगवतात. ‘ती कंपनी टिकली असती तर?’ एवढाच त्यामागचा प्रश्न. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशींनी उभारलेलं छोट्या रेल्वेंचं संग्रहालय पाहून परतलो, तेव्हा तो प्रश्न मला गोंदियाबद्दल पडला.

गोंदियात कंपनी म्हणजे बंगाल नागपूर रेल्वे. आधी नागपूरहून छत्तीसगडकडे मीटरगेज लाइन टाकली गेली. १८८७ साली स्थापन झालेल्या या कंपनीने ती घेतली, ब्रॉडगेज केली आणि पुढे कलकत्त्याच्या दिशेने नेली. त्यानंतर गोंदियाहून उत्तरेला सातपुड्यात नॅरोगेज गेली. बालाघाट, नैनपूर करत १९०५पर्यंत ती जबलपूरला पोचली. दोन रुळांतलं अंतर अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. ब्रॉडगेजचं १६७६. त्यामुळे छोट्या गाडीतून आलेला माल गोंदियाला उतरवून मोठ्या गाडीत भरावा लागे. गोंदिया जंक्शन झालं ते असं, हमालांच्या पाठीवर.

मॉडेलसाठी १:८७ हे प्रमाण धरलं. ७६२ला ८७ने भागलं की पावणेनऊ मिलिमीटर येतात. बाजारात नऊ मिलिमीटरचे रूळ सहज मिळतात, म्हणजे सातपुड्याची लाइन बऱ्यापैकी खरी बसते. इंजिन घेतलं झेडडीएम-४ए. झेड म्हणजे अडीच फुटी गेज, डी म्हणजे डिझेल, एम म्हणजे प्रवासी आणि मालगाडी दोन्हींसाठी. हे इंजिन चित्तरंजनच्या कारखान्यात बांधलं गेलं. त्याच्या प्रत्येक बोगीला ओढणाऱ्या चाकांखेरीज नुसता भार वाहणारा एक जादा आस आहे. हलक्या रुळांवर वजन वाटलं जावं म्हणून ही सोय. ही जादा चाकं बसवताना माझे दोन रविवार गेले.

मग गावातल्या एका प्रदर्शनात ते मांडलं. कुणीतरी फोटो काढला, काळा-पांढरा केला आणि पुढे पाठवला. महिन्याभरात तो बाबांच्या फोनवर आला: ‘दुर्मीळ छायाचित्र, गोंदिया, १९४०.’

बाबा नॅरोगेजवर होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. त्यांनी फोन माझ्यापुढे धरला.

“हा तुयाच इंजन नं?”

मी हो म्हटलं. हसलोही. ते हसले नाहीत.

“हे तं झेडडीएम. हे आले तई मी नोकरीवर होतो. चाळीस साली कोठून येईल?”

त्यांचं बरोबर होतं. बंगाल नागपूर रेल्वेचा कारभार सरकारने १९४४मध्ये हाती घेतला. १९५२मध्ये ती पूर्व रेल्वेत गेली, १९५५मध्ये दक्षिण-पूर्व रेल्वे वेगळी झाली. २००३मध्ये आमचा भाग बिलासपूरच्या दक्षिण-पूर्व-मध्य रेल्वेकडे आला. झेडडीएम-४ए सत्तरच्या दशकातलं. कंपनीचं नाव आणि हे इंजिन यांच्यात तीसेक वर्षांची फट आहे. मी ती रंगाने बुजवली होती.

बाबा एवढ्यावर थांबले नाहीत. म्हणाले, “माह्या नोकरीची वर्सं तू कंपनीले देऊन टाकली.”

हे मला लागलं. कल्पित रंग निरुपद्रवी असतो असं मी धरून चाललो होतो. पण ‘कंपनी टिकली असती’ म्हणताना ती न टिकल्यावर जे झालं ते मी पुसत होतो: सरकारी रेल्वे, बाबांची ड्युटी, उन्हाळ्यात तापलेल्या कॅबमध्ये त्यांच्याबरोबर उभे राहिलेले सोबती. गोऱ्या साहेबांच्या कंपनीची ऐट आम्हाला सहज सुचते. दक्षिण-पूर्व रेल्वेचा साधा कर्मचारी कुणाला रंगवावासा वाटत नाही.

तरी ‘असतं तर’ हा प्रश्न मी टाकून देणार नाही. तो विचारला म्हणूनच कंपनी कधी आली, कधी गेली, गेज किती, इंजिन कुठलं, हे सगळं मला शोधावं लागलं. इतिहासात कल्पना चालते. तिच्यावर तारीख आणि नाव मात्र हवं. माझ्या इंजिनावर नाव होतं, तेही खोट्या काळाचं.

गोंदिया-बालाघाट मार्ग आधीच ब्रॉडगेज झाला होता. २०१५मध्ये त्यापुढची जबलपूरपर्यंतची छोटी गाडीही थांबली. आता नॅरोगेज न पाहिलेली पोरं शाळेत आहेत. त्यांच्या हाती फोटोच पडणार. म्हणून मी इंजिनाच्या पोटाखाली पट्टी चिकटवली: ‘इंजिन खरं, रंग आणि कंपनी कल्पित.’ पण फोटोत पोट दिसत नाही, हे बाबांनीच दाखवून दिलं. मग तीच ओळ बाजूच्या पट्ट्यावर, ‘बी. एन. आर.’च्या खाली, लिहिली. शोभा गेली थोडी.

आता दुसरं इंजिन रंगवतो आहे, बाबांच्या काळातलं. रंग कोणता होता, असं विचारलं तर म्हणाले, “रंग कोन पाहे? तेल अन् धूर.” मग जरा वेळाने स्वतःच ब्रश मागितला आणि कॅबच्या पायरीवर, जिथे पाय ठेवून चढायचं तिथला रंग खरवडलेला दाखवला.